टायमिंग चेन बदलली. पण ताण तपासला का?

गाडीवर घर चालते अशी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. कुणाची स्वतःची टॅक्सी आहे, कुणी टुरिस्ट गाडी चालवतो, तर कुणी कंपनीच्या माणसांची ने-आण करतो. जुनी गाडी कर्ज काढून घेतलेली असते. हप्ता, विमा, मुलांची फी आणि घरातला किराणा हे सारे त्याच एका इंजिनातून निघते. अशा गाडीची टायमिंग चेन वाजू लागली की मिस्त्री सांगतो, "इंजिन उघडावे लागेल." गाडी चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहते. धंदा बुडतो तो वेगळाच. शेवटी बिल भरून गाडी ताब्यात येते आणि मालक सुटकेचा श्वास सोडतो.

पण खरा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो. नवी चेन बसली, पण तिचा ताण बरोबर आहे की नाही हे कुणी पाहिले? चेन नवी आहे एवढ्यावरून ती बरोबर बसली असे सिद्ध होत नाही. ती एक दात जरी चुकली, किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर जरी अडकून राहिला, तरी नव्या चेनसह इंजिन निकामी होऊ शकते. मग बिलाचे पैसेही गेले आणि इंजिनही गेले, अशी गत होते. म्हणून ही तपासणी कशी करतात, हे गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांनी नीट शिकले पाहिजे. गाडीमालकाने आणि घरच्यांनीही ते समजून घेतले पाहिजे. त्यात अवघड असे काही नाही.

चेनचे काम काय?

इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर कॅम फिरतो. क्रँकला जोडलेले पिस्टन वर-खाली होतात. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटवतो. हवा आत घ्यायची केव्हा, जळालेला धूर बाहेर सोडायचा केव्हा, हे व्हॉल्व्ह ठरवतात. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक फेरी व्हायलाच हवी. हा हिशेब सांभाळते ती टायमिंग चेन.

वेगाचा अंदाज घ्या. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेळा आणि कॅम २५ वेळा फिरतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात २५ वेळा उघडतो आणि मिटतो. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत, डिझेलमध्ये तर विशेषच, वर आलेला पिस्टन आणि उघडलेला व्हॉल्व्ह यांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा नसते. एक आला की दुसऱ्याने बाजूला झालेच पाहिजे. चेन सुटली किंवा बरेच दात उडी मारून गेली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

आपल्या गाडीत चेन की पट्टा?

सगळ्याच गाड्यांत चेन नसते. मारुती ८०० आणि जुन्या इंडिका डिझेलमध्ये दातेरी रबरी पट्टा होता. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला आणि अ‍ॅम्बेसेडरला चेन होती. पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. अलीकडच्या गाड्यांत मारुतीच्या के-सीरीज पेट्रोल इंजिनांना चेन आहे. वॅगन-आर, स्विफ्ट, डिझायर यांत ही इंजिने आली आणि त्यातल्या कित्येक गाड्या सीएनजीवर टॅक्सी म्हणून धावतात.

डिझेल टॅक्सीवाल्यांच्या ओळखीचे इंजिन म्हणजे १२४८ सीसीचे, ज्याला सारे '१.३ डिझेल' म्हणतात. मूळ इंजिन फियाटचे. ते २००३ साली आले. भारतात २००७ साली स्विफ्ट डिझेलमध्ये ते बसले. पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत गेले. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागू झाला आणि मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या. पण जुन्या गाड्या अजूनही हजारो घरे चालवत आहेत. या इंजिनात एकच चेन एका कॅमला फिरवते आणि दुसरा कॅम पहिल्याला गिअरने जोडलेला असतो. पुढे जे सांगितले आहे ते बहुतेक सर्व चेनच्या इंजिनांना लागू पडते. उदाहरण मात्र या १.३ डिझेलचे डोळ्यांसमोर ठेवू.

चेन सैल का होते?

"चेन लांबली" असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. चेनच्या प्रत्येक जोडात एक बारीक पिन असते. ती पिन आणि तिच्या भोवतालची बुश घासून झिजते. समजा चेनला १३० जोड आहेत. प्रत्येक जोड मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढाच झिजला, तरी सगळी चेन मिळून १.३ मिलिमीटर लांबते. डोळ्याला एका कडीत काहीच दिसत नाही. पण बेरीज होते.

ही झीज वाढवतो तो मुख्यतः ऑईलचा हलगर्जीपणा. डिझेल इंजिनाच्या ऑईलमध्ये काजळी मिसळते. ऑईल वेळेवर बदलले नाही, पातळी कमी राहिली, किंवा दुकानदाराने दिले ते कुठलेही ऑईल भरले, तर जोड लवकर झिजतात. "चेन आहे, आता आयुष्यभर पाहायला नको," हा समज फार महागात पडतो.

ताण किती ठेवायचा? प्रश्नच वेगळा आहे

सायकलची किंवा मोटारसायकलची चेन ज्यांनी ताणली आहे, ते इथे हमखास विचारतात, "किती मिलिमीटर ढील ठेवायची?" मोटारसायकलच्या मागच्या चेनला तसे माप असते. आपण चाक मागे सरकवतो, चेन बोटाने वर-खाली करून पाहतो आणि नट आवळतो. पण आजच्या बहुतेक गाड्यांच्या टायमिंग चेनला असा हाताने ताण देताच येत नाही. ते काम टेन्शनर स्वतः करतो. आपण तपासायचे ते हे की टेन्शनर आपले काम करतो आहे की नाही.

टेन्शनरची रचना साधी आहे. एका छोट्या घरात दट्ट्या असतो. त्याच्या मागे स्प्रिंग असते. इंजिन बंद असताना स्प्रिंगच दट्ट्याला पुढे ढकलते. इंजिन सुरू झाले की ऑईल पंपाचे ऑईल त्या घरात शिरते आणि दाबाने दट्ट्या घट्ट धरून ठेवते. दट्ट्या एका वाकड्या पट्टीला रेटतो आणि ती पट्टी चेनला. बऱ्याच टेन्शनरना दातेरी रॅचेटही असते. दट्ट्या पुढे सरकला की रॅचेट त्याला मागे येऊ देत नाही. काहींना रॅचेट नसते. तिथे इंजिन बंद असताना पट्टी अंगठ्याने जोर देऊन दाबली, तर थोडी मागे जाते. तो दोष नव्हे. म्हणून आपल्या इंजिनात कोणता टेन्शनर आहे, हे आधी माहीत हवे.

ओढीची बाजू आणि ढिलाईची बाजू

विहिरीवर बादली ओढताना दोर एका बाजूला ताठ असतो आणि दुसऱ्या बाजूला सैल लोंबतो. चेनचेही तसेच आहे. क्रँक चेनला ज्या बाजूने खाली ओढतो ती ओढीची बाजू. तिथे न हलणारी पट्टी असते. दुसऱ्या बाजूला ढिलाई जमा होते. तिथे हलणारी पट्टी आणि टेन्शनर असतो.

चेन चढवताना सारी ढिलाई टेन्शनरच्या बाजूलाच गेली पाहिजे. ओढीच्या बाजूला चेन ताठ हवी. ओढीच्या बाजूला थोडी ढील राहून गेली आणि खुणा जुळल्यासारख्या दिसल्या, तर इंजिन फिरवताच चेन आधी ती ढील खाते आणि मगच कॅम हलतो. खुणा लगेच चुकतात. समजा क्रँकच्या गरारीला २० दात आहेत. तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या चुकीने गाडी सुरू होईलही, पण ओढणार नाही, धूर टाकेल, अ‍ॅव्हरेज घसरेल. याहून जास्त दात चुकले तर व्हॉल्व्हची खैर नाही.

झाकण लावण्यापूर्वीची तपासणी

टायमिंगचे पुढचे झाकण एकदा बसले की आत काय झाले ते दिसत नाही. म्हणून मुख्य तपासणी झाकण उघडे असतानाच करायची.

पहिली गोष्ट, सामान. फक्त चेन बदलणे ही खोटी बचत आहे. जुन्या गरारीचे दात झिजून आकड्यासारखे वाकलेले असतात. त्यावर नवी चेन चढवली तर तीही लवकर झिजते. पट्ट्यांवर जुन्या चेनने खोल चर पाडलेले असतात. टेन्शनरची स्प्रिंग आणि रॅचेट थकलेली असतात. म्हणून चेन, टेन्शनर, दोन्ही पट्ट्या आणि गरारी असा पूर्ण संच बदलावा. बाजारात त्याला चेन किट म्हणतात. नवी चेन जुन्या चेनशेजारी ठेवून कड्या मोजाव्यात. आकडा जुळला नाही तर किट परत करावे.

दुसरी गोष्ट, टेन्शनर. नवा टेन्शनर दट्ट्या आत दाबून, पिन घालून येतो. तो तसाच बसवतात आणि चेन चढल्यावर पिन ओढून काढतात. पिन काढताच दट्ट्या बाहेर येऊन पट्टीला टेकला पाहिजे. तो आला की नाही हे डोळ्यांनी पाहावे. काही ठिकाणी कंपनीची पिन हरवली म्हणून खिळा किंवा तार वापरतात. ती आत राहून गेली तर टेन्शनर मुका होतो आणि चेन पहिल्याच दिवशी खडखडते. म्हणून काढलेली पिन मोजून हाताशी ठेवावी.

तिसरी गोष्ट, खुणा. १.३ डिझेलमध्ये कॅम आणि क्रँक जागेवर अडवून धरणारी खास हत्यारे वापरतात. ती न वापरता खडूच्या किंवा रंगाच्या खुणांवर भिस्त ठेवू नये. काही इंजिनांत गरारीला चावी नसते. ती बोल्टच्या आवळीवरच जागेवर राहते. तिथे टॉर्क पानाच हवा. "हाताला अंदाज आहे" हे तिथे चालत नाही. जिथे कंपनीने बोल्ट नवा घालायला सांगितला आहे, तिथे जुना बोल्ट परत घालू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अडवणारी हत्यारे काढून, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. सेल्फ मारून नव्हे, हाताने. आणि इंजिन नेहमी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने. उलटे फिरवले तर ओढीची बाजू सैल पडते, ढिलाई टेन्शनरवर उलटी येते आणि चेन दात सोडू शकते. दोन फेरे का? कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांनी कॅमची एक फेरी पुरी होते. सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात.

फिरवताना हाताला काय जाणवते तिकडे लक्ष द्यावे. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन मोठे असते. त्यामुळे पाना जड होतो, थोडा स्प्रिंगसारखा मागे रेटतो आणि मग सुटतो. ते ठीक. ग्लो प्लग काढले तर हे काम हलके होते. पण पाना एकदम भिंतीला लागल्यासारखा टणक थांबला, तर तिथेच थांबावे. तो पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असण्याचा संभव आहे. तिथे जोर लावणे म्हणजे आपल्या हाताने व्हॉल्व्ह वाकवणे.

दोन फेऱ्यांनंतर अडवणारी हत्यारे पुन्हा घालून पाहावीत. ती हाताने, सहज आत गेली पाहिजेत. हातोडी मारून घालावी लागत असतील तर टायमिंग चुकले आहे. पुन्हा सारे सोडून पहिल्यापासून बसवावे.

इथे नवशिक्या पोरांचा एक गोंधळ हमखास होतो. चेनच्या काही कड्या रंगवलेल्या असतात. बसवताना त्या गरारीच्या खुणांवर ठेवतात. दोन फेऱ्यांनंतर त्या कड्या जागेवर दिसत नाहीत आणि पोरगा घाबरतो. घाबरू नये. समजा चेनला १३० कड्या आहेत आणि क्रँकच्या गरारीला २० दात. दोन फेऱ्यांत चेन ४० कड्या पुढे सरकते. रंगीत कड्या पुन्हा मूळ जागी यायला क्रँकच्या २६ फेऱ्या व्हाव्या लागतील. रंगीत कड्या फक्त बसवण्यापुरत्या. तपासायच्या त्या गरारीवरच्या आणि इंजिनावरच्या खुणा, किंवा अडवणारी हत्यारे.

पाचवी गोष्ट, हाताने ताण पाहणे. ओढीच्या बाजूची चेन अंगठ्याने दाबावी. ती पट्टीला टेकून ताठ हवी. मग टेन्शनरची पट्टी दाबावी. रॅचेट असेल तर ती किंचित सोडता मागे जाता कामा नये. शेवटी दट्ट्या किती बाहेर आला ते पाहावे. नवी चेन, नव्या पट्ट्या, नव्या गरारी असताना दट्ट्या थोडाच बाहेर येतो. पुढच्या झिजेसाठी त्याची बाकीची चाल शिल्लक राहिली पाहिजे. नव्या किटवरच तो जवळजवळ पूर्ण बाहेर आला असेल, तर चेन किंवा पट्टी चुकीची आहे, अथवा काहीतरी चुकीचे बसले आहे. तसेच झाकण लावणे म्हणजे त्रास पुढे ढकलणे.

झाकण लावताना आणि सुरू करताना

झाकणाला सिलिकॉन लावतात ते बेतानेच. जास्त थापले की आतल्या बाजूला त्याची वळी निघते, तुटून ऑईल चेंबरमध्ये पडते आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. ऑईलचा दाब कमी झाला की टेन्शनर सैल पडतो. चांगले केलेले काम एवढ्याशा सिलिकॉनने वाया जाते. सिलिकॉन वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा, मगच ऑईल भरावे. ऑईल आणि फिल्टर दोन्ही नवे हवेत.

नव्या टेन्शनरमध्ये ऑईल नसते. म्हणून इंजिन लगेच सुरू करू नये. आधी इंधन तोडावे. पेट्रोलमध्ये पंपाचा फ्यूज काढून आणि डिझेलमध्ये त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या रीतीने. मग थोडा थोडा वेळ सेल्फ मारावा, मध्ये विसावा द्यावा. डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा विझला की दाब तयार झाला असे समजावे. मगच इंधन जोडून इंजिन सुरू करावे. पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू आली तर ती ऑईल पोचेपर्यंतची असते. ती थांबली नाही तर किल्ली फिरवून इंजिन ताबडतोब बंद करावे. "चालव थोडी, आपोआप बसेल," असे कुणी म्हटले तरी ऐकू नये. आणि पहिल्या वेळेस अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन किंचाळवू नये.

आवाज ऐकायला लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक झाकणाला आणि मूठ कानाला लावतात. ही जुनी युक्ती चांगली आहे. पण पंखा आणि पट्टे फिरत असतात. शर्टाची बाही, गळ्यातला रुमाल, ओढणी सांभाळावी.

आता बहुतेक गॅरेजमध्ये स्कॅनर असतो. क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकला असेल तर पी-००१६ सारखा कोड दिसतो. तो आला तर पुन्हा झाकण उघडावे लागेल. पण कोड आला नाही म्हणजे सारे ठीक, असेही नाही. स्कॅनर मेळ पाहतो. दट्ट्या किती बाहेर आला आणि सिलिकॉन कुठे गेले, हे त्याला कळत नाही.

दोन कसोट्या: गरम आणि गार

पहिली कसोटी गरम इंजिनाची. गाडी अर्धा-पाऊण तास चालवून आणावी. तापलेले ऑईल पातळ होते आणि इंजिन मंद चालत असताना ऑईलचा दाब सर्वांत कमी असतो. अशा वेळी झाकणाकडून खडखड आली तर टेन्शनर किंवा ऑईलचा दाब यांत खोट आहे.

दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर उभ्या गाडीत टेन्शनरमधले ऑईल खाली उतरते. पहाटेची पहिली सुरुवात हीच खरी परीक्षा. क्षणभर हलका आवाज येऊन थांबला तर बहुतेक इंजिनांत चिंता नाही. चार-पाच सेकंद खडखड चालली तर गाडी तशीच गॅरेजवर न्यावी. या वेळी घरच्या माणसाचा कान उपयोगी पडतो. चालक आत बसलेला असतो, काच बंद असते. बाहेर उभी असलेली पत्नी, मुलगी किंवा म्हातारे वडील यांना बॉनेटजवळचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो. रोज सकाळी तो आवाज ज्यांच्या कानांवर पडतो, त्यांना त्यातला फरक लवकर कळतो. त्यांनी सांगितले तर "तुम्हाला काय कळते?" म्हणून उडवून लावू नये.

मिस्त्रीशी बोलायचे कसे?

बरेच मालक गॅरेजमध्ये गप्प बसतात. मिस्त्रीला राग येईल, त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे वाटते. पण विचारण्याची रीत असते. चेन बसवण्याच्या दिवशी अर्धा तास काढून जावे आणि म्हणावे, "उस्ताद, झाकण लावायच्या आधी मला फोन करा. दोन फेरे फिरवून दाखवा, म्हणजे माझ्या जिवाला बरे वाटेल." चांगला कारागीर याने रागावत नाही. उलट, "या ना दादा, बघा," म्हणून हौसेने दाखवतो. जो म्हणतो, "तुमचा भरवसा नसेल तर गाडी घेऊन जा," त्याच्याकडे गाडी द्यायची की नाही याचा विचार आधीच करावा.

जुने सामान परत मागून घ्यावे. बिलावर चेन, टेन्शनर, पट्ट्या, गरारी, ऑईल, फिल्टर असे एकेक नाव आणि किटचा नंबर लिहून घ्यावा. कामाची हमी किती महिन्यांची, हेही लिहून घ्यावे. तोंडी हमी अडचणीच्या वेळी कुणाला आठवत नाही. निष्काळजी कामामुळे नुकसान झाले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते. पण हातात बिल हवे. कच्च्या चिठ्ठीवर काम करून थोडे पैसे वाचतात आणि हक्क सिद्ध करणे कठीण होऊन बसते.

गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी

आपल्या कितीतरी मुलांनी गॅरेजमध्ये पाना देण्या-घेण्यापासून सुरुवात केली. हाताला कसब येते, पण "का?" हा प्रश्न विचारायची सवय राहत नाही. उस्ताद करतो तसे करायचे, एवढेच शिक्षण होते. चेनचे काम हा प्रश्न विचारायला भाग पाडते. दोनच फेरे का? उलटे का नाही? दट्ट्या एवढाच बाहेर का? ज्याला ही उत्तरे येतात, तो उद्या दुसरे इंजिन समोर आले तरी अडत नाही. आयटीआयमध्ये दहावीनंतर मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो मुलींसाठीही आहे. हाताचे काम येत असलेल्या मुलाने तो पुरा केला तर टॉर्क पाना, मापे आणि पुस्तक वाचणे या गोष्टी पक्क्या होतात. अशा कारागिराला गिऱ्हाईक शोधत येते.

चेन टिकवायची तर

चेन बदलल्यानंतर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दोन-तीन वेळा ऑईलची पातळी पाहावी आणि झाकणाच्या कडेने गळती नाही ना हे तपासावे. पुढे ऑईल कंपनीने सांगितलेल्या जातीचेच आणि सांगितलेल्या वेळीच बदलावे. दिवसभर गर्दीत थांबत-चालत फिरणाऱ्या टॅक्सीने त्याही आधी बदलावे. चढावर गाडी उभी करताना फक्त गिअरच्या भरवशावर ठेवू नये, हँडब्रेक पूर्ण ओढावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना मागे घरंगळली तर इंजिन उलटे फिरते आणि त्या वेळी ऑईलचा दाबही नसतो. धक्का मारून गाडी सुरू करण्याची सवयही सोडलेली बरी.

गाडीत ठेवण्यासाठी कात्रण

१. फक्त चेन नव्हे, पूर्ण किट. कड्या मोजून घ्या.

२. टेन्शनरची पिन काढली ना? दट्ट्या बाहेर आला ना? डोळ्यांनी पाहा.

३. हाताने दोन फेरे, सरळ दिशेने. टणक अडले तर थांबा.

४. अडवणारी हत्यारे पुन्हा सहज बसली पाहिजेत. रंगीत कड्या जुळल्या नाहीत तरी हरकत नाही.

५. सिलिकॉन बेताने, ऑईल आणि फिल्टर नवे.

६. आधी सेल्फने ऑईलचा दाब, मग इंजिन सुरू.

७. गरम इंजिनाचा आवाज त्याच दिवशी, गार इंजिनाचा दुसऱ्या सकाळी ऐका.

८. बिलावर प्रत्येक सामानाचे नाव आणि हमीची मुदत लिहून घ्या. जुने सामान परत घ्या.